डावी कड

"आजींना सांगू द्या. तुम्ही नको," डॉक्टर मानसी म्हणाल्या आणि मी अर्ध्या वाक्यात थांबले. सदतीस वर्षं शाळेत बोलण्यात घालवली, पण मला असं गप्प कुणी केलं नव्हतं.

माझ्या जुन्या शाळेत खिचडी शिजवणारी राहीबाई स्ट्रेचरवर होती. सकाळी शिवथरहून मला भेटायला निघाली, महाड स्टँडला एसटीतून उतरली आणि डावा पाय टेकताच खाली बसली ती उठलीच नाही. रिक्षावाल्यानं तिला इथं आणलं, मग मला फोन केला.

"आजी, कुठं दुखतं? हात ठेवून दाखवा."

राहीबाईनं आधी माझ्याकडं पाहिलं. मग अंगठा मागं, बोटं पुढं असा पंजा खुब्याभोवती लावला आणि बोटांची टोकं जांघेत रुतवली. "हितं. पडले तवापासनं हितंच."

"कधी पडलात?"

"गौरी आल्या तवा. व्हाळावरनं हंडा आनताना पाय सरकला."

"म्हणजे अडीच महिने झाले! फोटो काढला नाही?"

मी लगबगीनं पाकीट पुढं केलं. कागद नीट लावून ठेवायची माझी सवयच आहे. डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरली, फिरवून पुन्हा धरली.

"ही कमरेच्या मणक्यांची आहे."

"हो."

"त्यांचं दुखणं तर जांघेत आहे."

मी रिकामं पाकीट पिशवीत सारलं.

तासाभरानं नवा फोटो आला. पडद्यावर मांडीचं हाड दिसत होतं आणि त्याचा वरचा गोळा खालच्या निमुळत्या भागाशी तुटून कलंडला होता. मला आधी कळेचना मी काय बघतेय.

"पडल्यावर बारीक चीर गेली असणार," डॉक्टर म्हणाल्या. "तेव्हा स्क्रू घालून हाड वाचलं असतं बहुतेक. चालून चालून सरकलं. आता गोळाच बदलावा लागेल."

"पण ती चालत होती हो! लंगडत का होईना, पण चालत होती."

"चीर घट्ट बसलेली असली की चालतात. म्हणून तर फसगत होते. वयस्क माणूस पडल्यावर जांघ दुखते म्हणालं, की आधी खुबा बघायचा असतो."

मी पडद्यावरून नजर काढली.

कारण राहीबाई जांघ म्हणाली होती. मलाच म्हणाली होती, बिरवाडीला जाताना, एसटीत, कानाशी लागून. "बाई, जांगंत कळ मारते गो. पर त्या पोरासमोर कसं सांगू? माझ्या हातची खिचडी खाऊन मोठा झाला त्यो."

तो पोर म्हणजे आता बिरवाडीत दवाखाना चालवणारा रितेश. चौथीत माझ्याच वर्गात होता.

"तू गप्प बस. मी सांगते," मी म्हणाले होते.

रितेश उठून पाया पडला. "काय झालं, बाई?" त्या घटकेला मला तो अर्ध्या चड्डीतला दिसला. त्याच्यासमोर तो शब्द माझ्या जिभेवर येईना. मी म्हणाले, "कंबर धरलीय तिची."

"पायात काही?"

"नाही. कंबरच."

बाईंनी सांगितलं म्हटल्यावर त्यानं राहीबाईला काही विचारलं नाही, हातही लावला नाही. कमरेचा फोटो, गोळ्या, पट्टा. दर रविवारी मी फोन करून विचारायची, "पट्टा लावतेस ना?" ती म्हणायची, "लावते, बाई."

शिवथरच्या शाळेत मी रुजू झाले तेव्हा माझी उज्वला आठ महिन्यांची होती. मी वर्गात पाढे म्हणून घ्यायची आणि बाहेर राहीबाई माझी पोर डाव्या कडेवर घेऊन उजव्या हातानं पातेलं ढवळायची. पावसाळ्यात भरून वाहणारा व्हाळ ओलांडताना पोर त्याच कडेवर, आणि दुसऱ्या हातात माझा हात. मी दर खेपेला घाबरायची. "खाली बघू नका, माझ्या पाठीकडं बघा," ती म्हणायची.

"राही, तू बोलली का नाहीस मग?" त्या संध्याकाळी दवाखान्यात मी विचारलं.

"तुमी सांगितलात ना. म्हटलं, बाईंना ठावं असंल. कमरेचंच खाली उतरलं असंल."

त्या बोलण्यात कसलाही टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

ऑपरेशन नीट पार पडलं. डॉक्टरांनी बजावलं, "उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही. पाट बंद."

"कवापर्यंत?"

"कायमचं."

"मंग चुलीम्होरं?"

"उंच ओटा करून घ्या. उभ्यानं करा."

राहीबाईनं छताकडं पाहिलं. मग म्हणाली, "उभ्यानं भाकऱ्या. लग्नातल्या आचाऱ्यावानी."

तिसऱ्या दिवशी रितेश आला. फोनवर मी त्याला सगळं सांगितलं होतं. तो खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला आणि सवयीनं माझ्याकडंच वळला. "बाई, आता कुठं दुखतंय त्यांना?"

माझं तोंड उघडलं. मी ते मिटलं.

"मला इचार रे," राहीबाई म्हणाली. "जांगंत दुखत व्हतं. डाव्या जांगंत. आता टाके दुखतात तेवढंच."

शेजारच्या खाटांवरच्या बायकांनी वळून पाहिलं. रितेशनं मान खाली घातली. मीही घातली.

"आता तोंडं पाडून काय व्हनार? बाई, उज्वलाची पोर आना एकदा. नवीन कड घातलीय, बसवून बघू."

बायका हसल्या. मला हसता आलं नाही.

नर्सनं वॉकर पुढं ठेवला. मी कोपराला धरायला गेले, तर राहीबाईनं मानेनंच नको म्हटलं. दोन्ही हातांनी दांडा धरून ती उठली. उभी राहिल्यावर, जन्माच्या सवयीनं, तिनं डावी कड जराशी बाहेर काढली, मूल घ्यायला काढतात तशी. कळ आली असावी. ओठ आवळून तिनं ती हळूच आत घेतली आणि पहिलं पाऊल टाकलं.

मी तिच्या पाठीकडं बघत मागून चालू लागले.