अर्ध्या भावातले कान

बायकोने तिसऱ्यांदा हाक मारली तरी तो वळला नाही. शेवटी तिने खांद्याला धरून हलवलं.

"अहो, कानात बोळे घातलेत का? शाळेतून दोनदा फोन येऊन गेला. पोरगी तासभर फाटकाशी उभी आहे!"

तो दचकून उठला. फोन त्याच्या शेजारीच पडला होता. वाजलेला त्याला ऐकूच आला नव्हता.

तो ध्वनिसंपादक होता. बोलत्या पुस्तकांमधून वाचणाऱ्याचे श्वास, चुकलेले शब्द, पंख्याची घरघर काढून टाकायची, हे त्याचं काम. तासाभराच्या पुस्तकामागे सहा तास मान मोडून बसावं लागे. त्याचे कान इतके तिखट होते की धंद्यात सगळे त्याला तिखट्याच म्हणत. आणि गेले चार महिने त्याच्या डाव्या कानात एक बारीक शिट्टी वाजत होती. रात्रंदिवस. घरात त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

दीड वर्षापूर्वी एका पुस्तक-कंपनीचं हे काम अण्णांकडे होतं. अण्णा म्हणजे त्याचे गुरूच. त्यांच्या छोट्या खोलीत शेजारी बसून तो हे सारं शिकला होता. एके दिवशी कंपनीच्या व्यवस्थापकाने त्याला विचारलं, "अण्णा तयार पुस्तकाच्या दर तासाला दोन हजार घेतात. तुमचं काय?"

"नऊशे," तिखट्या म्हणाला.

व्यवस्थापकाने घासाघीसही केली नाही. "काम खेचून आणलं!" असं तिखट्याने त्या दिवशी घरी मोठ्या अभिमानाने सांगितलं. पण भाव निम्म्याहून खाली, म्हणजे घर चालवायला काम दुप्पट. रोजचे चौदा-चौदा तास हेडफोन कानाला चिकटलेले!

मग एक पुस्तक कंपनीकडून परत आलं. आवाजामागे सळसळ राहिली आहे, म्हणे. त्याने तीनदा ऐकलं. त्याला काहीच ऐकू आलं नाही. डॉक्टरांनी तपासलं आणि सरळ सांगितलं, "वरचे सूर गेलेत. गेलं ते परत येत नाही. उरलंय ते सांभाळा."

पुस्तक तर द्यायचं होतं. विश्वासाने कुणाला ऐकवणार? तो अण्णांकडे निघाला. त्यांच्या खोलीत आता शिंप्याचे गठ्ठे भरलेले होते. अण्णा कोपऱ्यावरच्या कुरिअर कचेरीत पार्सलांवर पत्ते चिकटवताना सापडले.

त्यांनी काही न विचारता हेडफोन लावला. अर्ध्या मिनिटात काढला.

"सळसळ आहे. चांगली मोठी आहे. तुला येत नाही ऐकू?"

तिखट्याला रडू फुटलं. "अण्णा, मी तुमचं काम हिसकावलं. त्याचीच ही शिक्षा."

"शिक्षाबिक्षा काही नाही रे. जास्त काम केलंस, कान गेले." अण्णांनी पार्सल बाजूला सारलं. "तू माझ्याहून चांगलं करतोस म्हणून काम मिळवलं असतंस, तर मी पाठ थोपटली असती. तू ते स्वस्त म्हणून मिळवलंस. मग तुझ्याहून स्वस्त माणूस भेटेपर्यंतच ते तुझं."

"पण मी नाही म्हटलं असतं तर दुसऱ्याने घेतलंच असतं!"

"तो दुसराही हेच म्हणतो. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि सगळे मिळून खड्ड्यात उतरतात."

"पोट आहे ना, अण्णा."

"मला नाही? हिच्या औषधांपायी माईक विकला मी. तीस वर्षं जपलेला." अण्णांनी पार्सल पुन्हा पुढे ओढलं. "एक फोन करायचा होतास. आपण दोघांनी एकच भाव सांगितला असता, तर त्या माणसाला विचार करावा लागला असता."

तिखट्या मान खाली घालून घरी आला आणि त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती त्याच्या उजव्या, शिट्टी नसलेल्या कानाच्या बाजूला येऊन बसली.

आठवड्याने व्यवस्थापकाचा फोन आला. "एक बाई पाचशेत करायला तयार आहेत. तुम्ही साडेचारशेला बघा."

"नाही!" तिखट्या म्हणाला. "दोन हजार. त्याखाली नाही."

तिकडून हसणं ऐकू आलं आणि फोन बंद झाला. त्याने ओळखीतून त्या बाईंचा नंबर मिळवला. त्यांच्या नवऱ्याची नोकरी गेली होती. घरभाडं थकलं होतं. तिखट्याने त्यांना तास सांगितले, भाव सांगितला आणि स्वतःचा कानही सांगितला.

"कळतंय, दादा," त्या म्हणाल्या. "पण या महिन्यात मला नाही म्हणता येणार नाही."

त्याला राग आला नाही. त्याचंच जुनं उत्तर तो ऐकत होता.

दोन महिन्यांनी त्यांचाच फोन आला. "दादा, मानेचा पट्टा लागलाय. त्यांनी भाव चारशे केलाय. मी नाही म्हटलं."

आज अशी नऊ माणसं एकमेकांना विचारून भाव सांगतात. काही कामं हातची जातात, काही योग्य दामात मिळतात. अण्णांचा माईक परत आला नाही. तिखट्याचा कानही नाही.

मित्रांनो, तुमचा धंदा कुठलाही असो, आपल्या कामाचा भाव आपल्या एकट्याचा नसतो. तो पाडला की शेजाऱ्याच्या चुलीत पाणी पडतं, आणि आज ना उद्या ते आपल्या चुलीपर्यंत येतंच. म्हणून भाव सांगण्याआधी एकमेकांना विचारा. आणि काम देणाऱ्यांनो, कुणी फार स्वस्तात राबत असेल, तर एवढं तरी विचारा, की उरलेली किंमत त्याच्या घरात कोण भरतंय!