आठव्या वॉल्ट्झचा एक खिळा

मित्रांनो, मी कॅरिबियन समुद्रातल्या कुरासाओ बेटावरची एक जुनी दांड्याची पेटी आहे. दांडा फिरवला की माझ्या पोटातला लाकडी रूळ फिरतो. रुळावर हजारो पितळी खिळे आहेत. खिळा आला की हातोडी उठते, तारेवर पडते, आणि शेजारी कुणीतरी विरी, म्हणजे खाचांची लोखंडी पट्टी, खर्र-खर्र घासत ताल धरतो. लोक मला म्हातारी झाली म्हणतात. म्हणोत. ज्यांनी मला पोखरलं त्यांनी तरी म्हणू नये.

मला इसेबिओनं घडवलं. त्याला सही करतानाही घाम फुटायचा, सुरांची लिपी तर दूरच. पण कान असा की ऐकलेला सूर तो खिळ्यांत उतरवायचा. त्यानं माझ्यात आठ वॉल्ट्झ ठोकले. तुम्हाला वाटेल, तीन ठोक्यांचा नाच, त्यात वेगळं काय असणार? असतं, मित्रांनो. एक होता बंगलेवाल्यांचा, इस्त्रीच्या कपड्यांसारखा ताठ. एक समुद्रापलीकडचा, वेनेझुएलाचा, पाय जमिनीला टेकू न देणारा. पाच आमच्या बेटाचे: आधी हळू, अदबीनं चालायचं, मग कंबर आपणच डुलू लागते. आठवा बेर्नादिनाचा.

बेर्नादिना म्हणजे इसेबिओची बायको. आमच्याकडे वाढदिवसाला माणसाच्या नावाचा वॉल्ट्झ बांधून देतात. इसेबिओनं तिला तो दिला, आणि कागदावर नाही, माझ्या अंगावर लिहिला. पहिल्यांदा वाजवला तेव्हा ती म्हणाली, "एवढ्या खिळ्यांत कोंबड्यांचं खुराडं झालं असतं की!" आणि तोंड लपवून नव्हे, सगळ्यांसमोर रडली.

इसेबिओ गेला. मी मुलाकडे, उबेर्तोकडे आले. कार्निव्हलला टुंबा हवा, आमचा उसळत्या ठेक्याचा नाच, वॉल्ट्झ कोण नाचतो, असं त्याचं म्हणणं. शेवटच्या, आठव्याचे खिळे उपटून तिथं टुंबा ठोकायला त्यानं मारिनो मिस्त्रीला बोलावलं.

मारिनो म्हणाला, "उबेर्तो, आधी रुळाभोवती कागद गुंडाळून खिळ्यांचे ठसे घेऊ, म्हणजे गाणं पुन्हा ठोकता येईल. मग उपटू."

"दोन दिवस मोडतील. कार्निव्हल तोंडावर आलाय."

"अरे, पण हे गाणं दुसरीकडं कुठं आहे का?"

"वॉल्ट्झला काय तोटा, मिस्त्री? एक गेला तर सात आहेत."

कागद घरातच होता. मी तो पाहत होते. तरी पकड चालली. खिळा निघताना कर्रकन आवाज यायचा. भोकं मेणानं बुजवली. वर टुंबा ठोकला. आईला कुणी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती.

मग बेर्नादिनाचा ऐंशीवा वाढदिवस आला. अंगणात बोकडाचा रस्सा, मक्याच्या पिठाची घट्ट फुंची, निवडुंगाच्या कुंपणापर्यंत माणसं. तिचे डोळे गेले होते. खुर्चीत बसून ती म्हणाली, "चला, माझा लावा."

गाणं बदलायची खिट्टी आठव्यावर सरकली. टुंबा उसळला. पोरीबाळी नाचू लागल्या.

"हा नव्हे," म्हातारी म्हणाली.

उबेर्तोनं खिट्टी सरकवली. "घे, आई, वॉल्ट्झ."

"हा बंगल्यावरचा."

"मग हा?"

"हा पलीकडच्या किनाऱ्याचा. उबेर्तो, मी आंधळी झाले, बहिरी नाही. माझा कुठंय?"

"वॉल्ट्झ म्हणजे वॉल्ट्झच ना, आई!"

"मग कुणाचीही आई म्हणजे आईच का रे?"

ती स्वतःच गुणगुणू लागली. हळूचा भाग आला. कंबर डुलायची तिथं मात्र ती अडली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथंच. "तू म्हण मारिनो, पुढचं." मारिनोला पुढचं ठाऊक नव्हतं. माझ्याकडेही काही नव्हतं. मला उलटं फिरता येत नाही.

पण उबेर्तोनं टुंबा पुन्हा लावला तेव्हा मधेच एक सूर चुकीचा आला, आधी नाचाच्या गलक्यात हरवलेला. ठण्. मारिनोच्या पकडीतून आठव्या वॉल्ट्झचा एक खिळा वाचला होता.

"खोट राहिली, काढून टाकतो," उबेर्तो म्हणाला.

"हात लावशील तर बघ!" ती ओरडली. "तिथंच इसेबिओ माझा हात धरायचा."

त्यानंतर दर रविवारी ती मला त्या ठण्-पर्यंतच फिरवायला लावी. उबेर्तोच दांडा धरायचा. रडायचा. त्याच्या रडण्यानं एकही खिळा परत आला नाही.

आता बेर्नादिना नाही. लोक माझा टुंबा ऐकतात आणि तो सूर आला की हसतात, म्हणतात, पेटी बिघडली. मित्रांनो, तुमच्याही घरात कुणाचं तरी गाणं एकाच जागी ठोकलेलं असेल. पकड उचलण्याआधी कागद गुंडाळा. आणि कधी माझ्याकडे आलात, तर त्या एका ठण्-ला हसू नका. बिघडलेलं बाकीचं आहे. तेवढंच बरोबर वाजतंय.