मामाच्या सर्व्हरमधले पक्षी

मामाचा जुना सर्व्हर चालू केला की घरात बोलायची सोय नाही. पंखे असे घोंघावतात की मामी म्हणते, "एकदाचं उडून तरी जाऊ दे."

त्यात मामाने इतक्या वर्षांत रेकॉर्ड केलेले पक्ष्यांचे आवाज आहेत. दुसरी कॉपी? "चार डिस्क आहेत की," मामा म्हणाला. मी कपाळाला हात लावला. चारही त्याच खोक्यात.

ऑपरेटिंग सिस्टीम ज्या पाचव्या, छोट्या डिस्कवर होती, ती मेली. मशीन पुढे जाईना. मामीने भंगारवाल्याला संध्याकाळी यायला सांगून ठेवलेलं.

मी क्लासबिस केलेला नाही, मोडून मोडून शिकलोय. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमची एकदम नवी आवृत्ती पेनड्राइव्हवर घेऊन गेलो. चालू झाली. पंखेही हळू झाले. मामी खूश.

आणि डिस्क एकही दिसेना.

"म्हणजे गेलं का रे सगळं?" मामाने विचारलं. स्टुलावर बसला होता, चष्मा हातात.

मी हो म्हणणारच होतो. म्हटलं, "थांब जरा."

चालू होताना स्क्रीनवर जे भराभर सरकून जातं, ते मागे जाऊन सावकाश वाचलं. डिस्क ज्या कार्डाला जोडलेल्या, ते कार्ड लिनक्सला सापडलं होतं. पण त्याच्याशी बोलणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हरच नव्हता. इतक्या जुन्या कार्डांचा ड्रायव्हर नव्या आवृत्तीतून काढून टाकलेला. डिस्क धडधाकट होत्या. मलाच सगळं लेटेस्ट लागतं ना.

बॅगेत जुन्या आवृत्तीचा पेनड्राइव्ह होता. तो लावला. स्क्रीनवर चार डिस्क, चार ओळी. फक्त वाचायला उघडल्या, चुकून काही लिहिलं जायला नको.

फाइल मामानेच निवडली. आधी त्याचाच खोकला. मग एक बारीक, लांब शीळ.

"हा एकदाच सापडला होता," मामा म्हणाला.

"खोकला रोज सापडतो," आतून मामी.

तेवढ्यात बेल वाजली. भंगारवाला. मामा सर्व्हरवर हात ठेवून उभा राहिला. मामीने त्याच्याकडे बघितलं.

"तो कोपऱ्यातला बंद प्रिंटर घेऊन जा," ती भंगारवाल्याला म्हणाली. मग मला, "कॉपी कर. कॉपी झाली की हे धूड घरात नको."

मी बाहेरची डिस्क जोडली, कॉपी लावली. मामा माझ्या कानाशी वाकला.

"सावकाश होऊ दे रे."