वर्गात मराठी नको

“मे आय कम इन, सर?”

सुलाबाईंनी विचारलं आणि चहाची कपबशी हातात धरून त्या उंबऱ्याबाहेर थांबल्या. घर त्यांचंच. उंबराही त्यांचाच, चाळीस वर्षं रोज पुसलेला. आत कॉटवर बसलेला माणूस त्यांचा नवरा. पण त्याने हो म्हटल्याशिवाय आत जायचं नाही, असा आता शिरस्ताच पडला होता.

कॉटवरच्या पगारे सरांनी मान वर केली, चष्म्यातून नीट पाहिलं आणि म्हणाले, “येस. कम इन. सिट डाउन.”

“गुड मॉर्निंग, सर. हॅव टी.”

“हॅव अ कप ऑफ टी,” सरांनी दुरुस्त केलं.

“हॅव अ कप ऑफ टी.”

“व्हेरी गुड!”

शाबासकी मिळाली. सासष्टाव्या वर्षी, स्वतः केलेला चहा स्वतःच्या नवऱ्याला देताना. पहिल्या महिन्यात सुलाबाईंना हसावं की रडावं ते कळत नसे. आता त्या दोन्ही करत नसत. रिकामी बशी हातात येईपर्यंत समोर जमिनीवर बसून राहत, वर्गात बसावं तशा.

झालं होतं असं. चार महिन्यांपूर्वी सर अंघोळ करून आले आणि शर्टाची बटणं लावता लावता खाली बसले ते उठलेच नाहीत. अर्धांगाचा झटका. द्वारका चौकाच्या पुढे एका दवाखान्यात अठरा दिवस काढले. हातपाय बरेच सावरले. बोलणंही परत आलं, पण आलं ते सगळं इंग्रजीत. मराठी गेली, आणि तिच्याबरोबर घरातल्या माणसांची ओळखही गेली. सरांच्या डोक्यात उरला तो फक्त वर्ग. डॉक्टर म्हणाले, “होतं असं क्वचित. दोन भाषांपैकी एकीला मार बसतो, दुसरी वाचते. सुधारेल हळूहळू.” हळूहळू म्हणजे किती, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.

घरी आणलं त्या दिवशी सुलाबाई हौसेने जवळ बसल्या. “अहो, लय थकले का? डोकं दाबून देऊ?”

सरांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी दाराकडे बोट केलं. “गो आउट.”

रागावून म्हणाले असते तर सुलाबाईंनी सोसलं असतं, रागाची सवय होती. पण ते शांतपणे म्हणाले, परक्या माणसाला सांगावं तसं. सुलाबाई बाहेर आल्या आणि पायरीवर बसून तोंडाला पदर लावून रडल्या. शेजारची अंजली तेवढ्यात कामावरून येत होती. ती एका लॅबच्या काउंटरवर बसते, चाळिशी उलटलेली, लहानपणी सरांकडेच शिकलेली. काय झालं ते ऐकलं आणि तिला हसूच आलं. मग तिने जीभ चावली.

“अहो काकू, हाकलत नाहीयेत ते तुम्हाला! तो वर्गातला नियम आहे. वर्गात मराठी नको. मराठी बोललं की बाहेर जायचं आणि दारातून विचारायचं, मे आय कम इन, सर? विचारलं की लगेच आत घ्यायचे. मी तर निम्मा वर्ग दारातच काढलाय.”

“मग मी कोण वाटते त्यांना?”

अंजलीचं हसू मावळलं. “वर्गातलीच कुणीतरी,” ती म्हणाली.

खरं तर पगारे सर हे कुठल्या शाळेतले सर नव्हतेच. भिकन पगारे, एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात स्टोअरमधले कारकून. नवी नोकरी असताना साहेबाने इंग्रजीत काहीतरी विचारलं, यांना तोंड उघडता आलं नाही, आणि चारचौघांत मान खाली घालावी लागली. ती मान त्यांच्या मनातून गेली नाही. स्वतः शिकले, आणि कॉलनीतल्या पोरांवर ती वेळ येऊ नये म्हणून बुद्धविहाराच्या भिंतीवर फळा लावून घेतला. रोज पाच वाक्यं, खाली मराठीत अर्थ. संध्याकाळी सहा ते सात विहारात वर्ग. कुणाकडून पैसा घेतला नाही, वर्षानुवर्षं कधी खाडा केला नाही. कॉलनीने त्यांना ‘सर’ करून टाकलं ते असं.

फळा पुसायचं काम सुलाबाईंचं. दुपारी चारला त्या बादली नि फडकं घेऊन जायच्या आणि कालची पाच वाक्यं पुसून फळा काळाभोर करून यायच्या. एवढी वाक्यं हाताखालून गेली, डोक्यात एक शिरलं नाही. एकदाच, लग्नाला दहाएक वर्षं झाली असतील तेव्हा, त्या म्हणाल्या होत्या, “मलाबी शिकवा ना.” सर हसले होते. “तुला कुठं साहेबाशी बोलायचंय?” त्यात वाईट काही नव्हतं. त्याही हसल्या होत्या. ते हसणं आता त्यांना आठवायचं आणि आतल्या आत जाळायचं.

“आता साहेबाशीच बोलायचंय,” त्या अंजलीला म्हणाल्या. “शिकव मला.”

सरांच्या वह्यांनी कपाट भरलं होतं. सुलाबाईंना मराठी वाचता येत होतं. त्या खालचा अर्थ बघून वाक्य निवडायच्या, अंजली ते देवनागरीत लिहून द्यायची, आणि सुलाबाई भाकऱ्या थापता थापता घोकायच्या. पण वह्यांची एक पंचाईत होती. त्यांत पोस्ट ऑफिस कुठे आहे ते होतं, साहेबांना भेटता येईल का ते होतं, मला एक संधी द्यावी अशी विनंती होती, गाडी किती उशिरा धावते आहे तेही होतं. बायकोने नवऱ्याला विचारावं असं एक वाक्य नव्हतं. सरांनी कॉलनीतल्या पोरांना सगळ्या जगाशी बोलायला शिकवलं होतं. घरात बोलायला इंग्रजी लागेल, असं कुणाच्या स्वप्नात आलं होतं?

मग वहीतल्या ‘डॉक्टरकडे’ या पानावरून त्यांनी “व्हेअर इज द पेन?” घेतलं. हॉटेलच्या पानावरून “व्हॉट वुड यू लाइक टू ईट?” घेतलं. पहिल्यांदा तसं विचारलं तेव्हा सर विचार करून म्हणाले, “राइस अँड डाळ, प्लीज.” नवऱ्याने ‘प्लीज’ म्हणून वरण-भात मागितला! त्या दिवशी सुलाबाई स्वयंपाकघरात येऊन खरोखर हसल्या. भात वाढतानाही हसत होत्या.

एकदा सरांनी त्यांना जवळ बोलावलं. “व्हॉट इज युवर नेम?”

“माय नेम इज सुला.”

“गुड. व्हेअर डू यू लिव्ह, सुला?”

लग्नानंतर त्यांनी सुलाबाईंना नावाने कधी हाक मारली नव्हती. ‘अगं’ आणि ‘ऐकलं का’ यांवरच सगळा संसार झाला होता. आपलं नाव त्यांच्या तोंडून ऐकून सुलाबाईंच्या अंगावर काटा आला. पुढचं वाक्य पाठ होतं.

“आय लिव्ह हिअर, सर.”

सरांनी मान डोलावली. वाक्य बरोबर होतं ना. त्याचा अर्थ मात्र त्यांच्यापर्यंत पोचला नाही.

दिवस असे निघत होते. निघत नव्हती ती संध्याकाळची सातची वेळ. सात वाजले की सर उठायचे, हात झटकायचे आणि म्हणायचे, “दॅट इज ऑल फॉर टुडे. माय वाइफ इज वेटिंग.” आणि दाराकडे निघायचे.

वाइफ आणि वेटिंग हे दोन शब्द कळायला सुलाबाईंना अंजली लागली नाही. बायको वाट बघतेय! त्या दारात आडव्या व्हायच्या. “मीच हाय ना हो तुमची बायको! मीच सुला!”

“नो मराठी, प्लीज. लेट मी गो.”

मग झटापट व्हायची. एकदा त्या ओढाताणीत सर उंबऱ्यावर पडले, गुडघा फुटला. रविवारी मुलगा आला, बुद्धभूषण, सिन्नरच्या एका कारखान्यात असतो. त्याने गुडघा पाहिला, दाराकडे पाहिलं.

“आई, सात वाजता बाहेरून कडी लावत जा. अर्धा तास. दमले की बसतील गप.”

“कोंडून ठेवू त्यांना?”

“मग काय करणार? रोज पाडणार का? हाड मोडलं तर कोण बघणार?”

तो वाईट बोलत नव्हता. बापाने आपल्याला ओळखलं नाही म्हणून तो न्हाणीघरात जाऊन रडला होता, हे सुलाबाईंना ठाऊक होतं.

सोमवारी सातला त्यांनी कडी लावली आणि बाहेर पायरीवर बसल्या. आतून आधी टकटक आली. मग आवाज. “ओपन द डोअर, प्लीज.” मग हाताचा तळवा दारावर आपटायला लागला. “प्लीज! माय वाइफ इज वेटिंग!” सरांचा आवाज लहान पोरासारखा फाटला. सुलाबाईंनी कानांवर हात घेतले.

अंजली धावत बाहेर आली. “काकू, काय चाललंय?”

“बायको वाट बघतेय म्हणत्यात. बायको हितं बाहेर बसलीय, अन् ते तिच्याकडं जायला दार बडवत्यात. हे वाक्य वहीत कुठंच नाय गं. सगळं कपाट धुंडाळलं. कुठून आणलं त्यांनी?”

“ते शिकवायचं वाक्य नव्हतं, काकू. फळ्यावर कधीच नव्हतं. वर्ग संपला की सर खडू ठेवायचे, हात झटकायचे आणि रोज हेच म्हणून निघायचे. आम्ही मुली फिदीफिदी हसायचो. तुम्हाला कधी बोलले नाहीत?”

सुलाबाईंनी नकारार्थी मान हलवली. त्या काळात रोज सातला त्या याच पायरीवर पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या असत. सर येत, खडूने पांढरे झालेले हात पुढे करत, त्या पाणी ओतत. खडू निघून गेला की सर आत जात. एक शब्द नाही. या माणसाला आपल्याशी बोलण्यासारखं काही नाही, असं समजून सुलाबाईंनी आयुष्य काढलं होतं. आणि हा माणूस रोज घरी येण्याआधी विहारात सगळ्यांसमोर सांगून येत होता! त्यांना भयंकर राग आला. त्या रागाच्या पोटात असा आनंद होता की त्यांना उठताही येईना.

मग त्या उठल्या.

“अंजली, कडी काढ. त्यांना विहारापातूर ने अन् माघारी घरी आण. मी आत्ता दिसायला नको त्यांना.”

त्या घरामागे जाऊन उभ्या राहिल्या. अंजलीचं “कम, सर” ऐकू आलं, काठीचा आवाज गल्लीने दूर गेला. मग त्या लगबगीने आत शिरल्या. माळ्यावरचा पितळी तांब्या काढला, राखेने घासला, भरला. केस सारखे केले. डोक्यावर पदर घेतला आणि पायरीवर उभ्या राहिल्या.

गल्लीच्या टोकाला काठी दिसली. सर अंजलीचा हात सोडून एकटे चालत होते, घाईने, उशीर झालेल्या माणसासारखे. पायरीशी येऊन थांबले. सुलाबाईंना सकाळपासून पाठ केलेलं एकही वाक्य आठवलं नाही.

“आलात?” त्या म्हणाल्या. “उशीर केला आज.”

बोलून गेल्या आणि मग त्यांच्या ध्यानात आलं. मराठी बोलल्या होत्या. आता बोट वर होणार.

सरांचा हात वर झाला. मग दुसरा. काठी भिंतीला टेकवून त्यांनी दोन्ही हात पुढे धरले.

सुलाबाईंनी पाणी ओतायला सुरुवात केली. हातांवर खडू नव्हताच, तरी सर बोटांच्या बेचकीतून बोटं फिरवत राहिले, पूर्वीसारखीच, नखांपर्यंत. “गो आउट” म्हणाले नाहीत. काहीच म्हणाले नाहीत. वर मानही केली नाही. त्यांचे डोळे पाण्याकडे होते आणि चेहरा घरी पोचलेल्या माणसाचा होता.

सकाळी पुन्हा उंबऱ्याबाहेर उभं राहून विचारायचं आहे, हे सुलाबाईंना माहीत होतं. तांब्यात अजून अर्धं पाणी शिल्लक होतं. त्यांनी धार बारीक केली.