शालनच्या दातांतली मोकळीक

साखरेच्या पाकाला जगात अशक्य असं काही नाही, हे गेणूचं ठाम मत होतं. आत्ता मात्र लेकीच्या समोरच्या दोन दातांमधल्या फटीत भरलेला पाक दुसऱ्यांदा विरघळला होता.

लोणावळ्यात चिक्कीच्या कढईपुढं बावीस वर्षं उभं राहून त्यानं पाकाच्या सगळ्या तऱ्हा ओळखल्या होत्या. साखर तोंडात विरघळते, एवढंच नजरेतून सुटलं होतं.

"आबा, पुरं की आता!"

"तोंड मीट. आन् थुकी गिळू नगंस."

चौसष्ट साली दोन स्थळं 'पोरीच्या दातात खिंड हाय' म्हणत, चहा मात्र पिऊन, परत गेली होती. तेव्हापासून घरात तो शब्द बंद. बोलायचंच झालं तर गेणू 'मोकळीक' म्हणे. ती शालनला त्याच्याकडूनच आली होती. आजचं तिसरं स्थळ बेडशाचं, घरचं खाऊन-पिऊन सुखी. आणि गाडी चुकल्यामुळं तासभर उशिरा येत होतं. गेणू दाराशी जाई, चुलीशी येई, पुन्हा दाराशी. तिसऱ्यांदा पाक भरला आणि पाहुणे अंगणात आले.

मुलाची आई झुंबरबाई आणि मामा महिपती सतरंजीवर टेकले.

"नाव काय गं तुजं?" झुंबरबाईंनी विचारलं.

"शालन," गेणू म्हणाला.

"शिकलीस किती?"

"सातवी," पुन्हा गेणूच.

"सैपाक येतो का?"

"लय झ्याक येतो!"

महिपतीनं टोपी काढून मांडीवर ठेवली. "भाऊ, नवरी कोन हाय? ती का तुमी?"

शालननं बापाकडं पाहिलं आणि गोड आवंढा गिळला.

"इरघळला, आबा." मग झुंबरबाईंकडं वळून म्हणाली, "मावशी, मला खिंड हाय. आबांनी पाक भरला हुता."

गेणूनं मान खाली घातली. बाजारात बैल पारखावा तसं झुंबरबाईंनी तिचं तोंड उघडून पाहिलं.

"ह्येच्या आदी पाच पोरी बघितल्या. समद्या मुक्यावानी बसल्या," त्या म्हणाल्या. "घरात मी येकटीच बडबडती. ही बोलंल तरी. लगीन मार्गशीर्षात धरा."

गेणू उठून उभा राहिला. हात जोडले. "पाव्हणं, आजपतूर ह्या घरात..."

"त्ये बोलू निवांत," महिपती म्हणाला. "आदी तेवढी खिडकी लोटा. पाठीला वारं लागतंया."