माडीवरची म्हैस

संस्थान विलीन झालं, मागोमाग भाडेकरूला कारणाशिवाय काढू न देणारा नवा कायदा कोल्हापुरात आला आणि हंबीररावांची झोप उडाली. ते स्वतः मळ्यात राहायचे. पेठेतल्या त्यांच्या घराची माडी पद्मजाबाई नावाच्या शिक्षिकेकडं होती. बाई भाड्याला चोख, म्हाताऱ्या सासूला सांभाळून असणाऱ्या. भिंतीला खिळासुद्धा विचारून ठोकायच्या. अशा भाडेकरणीला काढायचं तरी कशावर? इकडं पेठ वडगावचा एक तेलाचा व्यापारी जादा भाडं देऊ करून माडीवर टपलेला.

वकील म्हणाले, "घरच्यांना राहायला जागा पाहिजे म्हणा. पण ताबा मिळाल्यावर महिन्याच्या आत राहायला जायचं. नाहीतर बाई अर्ज करून जागा परत मागेल. वर्षभर दुसऱ्याला भाड्यानंही देता येणार नाही."

"आईला ठेवतो की! आन् व्यापारी पावणा म्हणून ऱ्हाईल. पावण्याला कोण हाकलतंय?"

वकिलांनी हे ऐकलंच नाही असं केलं.

म्हातारीला डॉक्टर जवळ हवा, असं कोर्टाला सांगून हंबीररावांनी निकाल मिळवला. पद्मजाबाई सासूला, माईंना, घेऊन राजारामपुरीत भावाकडं गेल्या. तिथं माईंचं अंथरूण दारातच पडायचं. येणारा-जाणारा ओलांडून जायचा.

हंबीरराव मळ्यात परतून आईला म्हणाले, "आक्का, चल पेठेत."

"आन् म्हस?"

म्हैस आक्काशिवाय कुणाच्या हाताला पान्हा सोडत नव्हती. गिऱ्हाइकं समोर धार काढलेलंच दूध घेणारी. खाली शिंप्याचं दुकान, गल्ली इतकी अरुंद की समोरून माणूस आला तर एकानं दारात शिरावं. म्हैस बांधायची कुठं?

"वर," आक्का म्हणाली.

तालमीतले चार पैलवान बोलावले. आक्का पेंडीची पाटी घेऊन पुढं, पैलवान मागून रेटायला. म्हैस पहिल्या दोन पायऱ्या विचार करून चढली आणि उरलेल्या अशा चढली की पैलवान खालीच राहिले. वरची हवा तिला मानवली. दूध दीडपट झालं. ती सज्ज्यात उभी राहिली की खालून जाणारे रामराम घालायचे आणि ती मान हलवायची, हे शिंपी आजही शपथेवर सांगतो.

एकच घोटाळा झाला. आक्का दोन्ही वेळा धार काढायला यायची, पण निजायला मळ्यात जायची. व्यापाऱ्यानं शेणाच्या वासानंच माडीचा नाद सोडला होता. माडीवर राहत होती ती फक्त म्हैस.

महिना उलटला. पद्मजाबाईंनी अर्ज टाकला.

न्यायाधीशांनी आक्काला विचारलं, "आजी, तुम्ही माडीवर राहता का?"

"मी कशाला ऱ्हाऊ? धार काढतो आन् जातो."

"मग राहतं कोण?"

हंबीरराव उठले. "म्हस ऱ्हाती साहेब. घरातलीच हाय. आक्कानं पोटच्या पोरीगत वाढवलीया."

"मग तिला साक्षीला का आणलं नाही?"

"ती जिना उतरत न्हाय, साहेब."

पट्टेवालासुद्धा तोंडावर हात धरून बाहेर गेला. निकाल मात्र हसण्यावारी नव्हता. जागा रिकामी करून पद्मजाबाईंना परत द्यायची, आणि रिकामी म्हणजे म्हैससुद्धा काढून रिकामी.

आता म्हैस खरोखरच उतरेना. जिन्याचं तोंड दिसलं की बसकण मारायची. पेंड दाखवली, रेडकू खालून ओरडवलं, पैलवानांनी शेपूट पिरगाळलं, तर एक पैलवानच घरंगळत शिंप्याच्या दारात आला. शेवटी हंबीररावांनी स्वतःच्या हातानं मागची भिंत फोडली, परसात कडब्याचा डोंगर रचला आणि दोर बांधून म्हशीला त्याच्यावरून घसरत खाली घेतलं. खाली पोचल्यावर तिनं डोंगरच खायला घेतला.

त्याच दिवशी पद्मजाबाई ट्रंक घेऊन हजर. माईंना जिन्याशी बसवून त्या वर गेल्या. म्हैस जाईल एवढ्या भगदाडातून उन्हाचा मोठा पट्टा खोलीत पडला होता.

"दुरुस्ती मालकाकडं असते, हंबीरराव."

"देतो की बांधून, खाली गवंडी आणून बसवलाय. पळून चाललोय व्हय?"

"तिथं खिडकी ठेवा. माईंना दिसत नाही नीट, उजेड बरा पडेल."

हंबीररावांनी एकदा बाईंकडं बघितलं, एकदा खाली आक्काकडं. आक्का माईंना लोटीतून ताजं दूध देत होती.

"गवंडी," ते ओरडले, "हितं बारकी खिडकी ठेव!"

"मोठी," बाई म्हणाल्या.

"मोठीच ठेव रं!" खालनं आक्का ओरडली.

गवंड्यानं मोठी ठेवली.