येताना जेवढी, जाताना तेवढीच

मी एक जुना वजनकाटा आहे. संगणक बनवणाऱ्या एका कारखान्याच्या फाटकाशी जमिनीला पोट टेकून मी एकोणीस वर्षे पडून आहे. ट्रक माझ्यावर चढतो, शेजारच्या केबिनमध्ये वजनाचा आकडा उमटतो, ट्रक उतरतो. मित्रांनो, एवढ्या सोप्या कामात घोळ कसा होईल, असे तुम्हाला वाटेल. मलाही तसेच वाटत होते.

मला इथे बसवले तेव्हा माझी परीक्षा घ्यायला लोखंडी वजने आणली होती. मी सगळी बरोबर सांगितली. तपासनीस शिक्का मारून म्हणाले, “हा खोटं बोलणार नाही.” तेव्हापासून मी जरा ताठ्यातच असे.

केबिनमध्ये बसणाऱ्या काटेवाल्यांना सगळे अचूकराव म्हणतात, कारण किती वाजले असे विचारले तरी ते सेकंदांसकट सांगतात. त्यांची धाकटी बहीण याच कारखान्यात संगणकांची झाकणे बसवते. चांगल्या दिवसांत माझ्यापुढे ट्रकांची रांग लागे. तेव्हा कारखान्याने कामगारांना शेअर वाटले. शेअर म्हणजे काय, ते मला अजून नीट कळलेले नाही. कारखान्याचा बारीकसा तुकडा असतो म्हणे. तो कोणी कधी माझ्यावर आणून ठेवला नाही, तरी लोक म्हणतात, आज चढला, काल उतरला. कुठे चढला? मी तर इथेच होतो!

बहीण भाड्याने राहत होती त्याच दोन खोल्या तिला विकत घ्यायच्या होत्या. शेअर विकले की तेवढी रक्कम जमत होती.

मग चिपांचा तुटवडा सुरू झाला. चिप दूरच्या देशातून येते, आणि तिच्याशिवाय संगणक म्हणजे नुसता डबा. ट्रक येईनात. जोडणीचा विभाग बंद पडला, बहिणीला घरी बसवले. माझ्या पाठीवर एक कुत्रे येऊन झोपू लागले. मला तेवढीच सोबत. एकदा कोणीतरी रस्त्यावरून आमचा फोटो काढला. संध्याकाळपर्यंत तो शहरभर फिरला, आणि सोबत बातमी, की कारखान्याला टाळे लागणार! शेअर धाडकन उतरला. मी चक्रावलो. कुत्रे झोपले म्हणून कारखाना कसा बंद पडतो?

पुढच्या मंगळवारी सोळा टनांचा ट्रक आला. आकडा बाहेर फुटला. माल आला, माल आला! शेअर चढला. ट्रकमध्ये कुंपणाच्या भिंतीसाठी विटा होत्या. बुधवारी शेअर पुन्हा खाली. मी सोळा टन सांगितले होते, ते तर खरेच होते ना?

खोल्यांच्या मालकीणबाईंनी शनिवारपर्यंतची मुदत दिली होती. बहीण गुरुवारी केबिनमध्ये आली.

“दादा, विकू की थांबू? आज विकले तर खोल्या जातात, पण निदान निम्मे तरी पदरात पडतात. थांबले आणि कारखाना बसला, तर तेही गेले.”

तेवढ्यात एक छोटी व्हॅन माझ्यावर चढली. एक हजार चारशे ऐंशी किलो. ती आत गेली, दहा मिनिटांनी परतली. पुन्हा एक हजार चारशे ऐंशी.

“बघ,” अचूकराव म्हणाले. “येताना जेवढी, जाताना तेवढीच. रिकामी आली, रिकामी गेली. काही येत नाही गं आता.”

“पण परवा विटांनी फसवलं ना?”

“जड आलं तर फसू शकतो. हलकं आलं तर फसायचं काय त्यात? विकून टाक.”

तिने उभ्या उभ्या फोनवरून शेअर विकले.

मित्रांनो, त्या व्हॅनमध्ये मांडीवर मावेल एवढे एक खोके होते. त्यात हजारो चिपा होत्या, नखाएवढ्या. माझा आकडा वीस-वीस किलोंनी सरकतो. त्याहून हलके काही मला जाणवतच नाही. केबिनमधल्या पाटीवर तसे लिहिलेलेही आहे. शुक्रवारी सकाळी कारखान्याचा भोंगा वाजला. कामगारांना बोलावणी गेली. दुपारपर्यंत शेअर पूर्वीच्या जागी जाऊन पोहोचला. शनिवारी खोल्या दुसऱ्याच कुणीतरी घेतल्या.

अचूकरावांनी तपासनिसांना बोलावले. त्यांनी मला पुन्हा तपासले आणि म्हणाले, “काट्यात काही दोष नाही.” मला मुळीच आनंद झाला नाही. मी खरे बोललो, अचूकरावांनी तेच वाचून दाखवले आणि बहिणीचे घर गेले. मग खोटे कोण बोलले? मला अजून सापडलेले नाही.

कित्येक दिवस ती केबिनकडे न बघता फाटकातून जात राहिली. मग नवी अफवा उठली, की मालक कारखाना विकून चालले. माणसे केबिनभोवती जमली. मागे तीही उभी होती.

“काय म्हणतो काटा?” कोणीतरी विचारले.

अचूकरावांनी केबिनमधल्या पाटीवर बोट ठेवले. “गाडीचं वजन सांगतो,” ते म्हणाले. “बाकीचं मला माहीत नाही.”

लोक कुरकुरत पांगले. ती तिथेच थांबली.

“हे त्या गुरुवारी म्हणाला असतास तर, दादा?”

अचूकरावांनी नुसते स्टूल पुढे सरकवले. ती बसली.

मित्रांनो, माझ्या फटींत माती साचते, तेवढी काढत जा. मला वजन विचारा, ते मी आजही बरोबर सांगेन. पण आपल्या माणसाने “काय करू?” म्हणून विचारले आणि तुम्हाला ठाऊक नसेल, तर तसे स्पष्ट सांगा. अचूकरावांना ते वेळेवर सांगता आले नाही. त्यांची बहीण आता रोज दोन बस बदलून कामावर येते.